चाच्यांच्या मूकपटांची मोहिनी



मूकपटाविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे एक गंमतच आहे. मूकपटाला चित्र असते, आवाज नसतो. रेडिओला आवाज असतो, चित्र नसते. तेव्हा चित्र उभे करण्याचे काम तुमच्याकडे. हातातले काम चालू द्या, धार काढीत असाल तर धार काढा, वह्या तपासत असाल तर तपासा; फक्त मनात एक मोठे शिडाचे गलबत उभे करा. मधोमध उंच डोलकाठी, तिच्यावर वाऱ्याने फुगलेले शीड, आणि शिडाच्या अगदी वरच्या टोकाला बिलगलेला एक माणूस. खाली शत्रू. हातात एक सुरा. त्या माणसाला खाली यायचे आहे. कसा येईल?

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो पालीच्या शाळेत. पाली हे बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. गावाजवळ बिंदुसरेचे धरण आहे, आणि आमच्या मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे तेच. चांगला पाऊस झाला तर सांडव्यावरून पाणी पडते आणि बीडची माणसे ते पाहायला येतात. पावसाने दगा दिला की तळ उघडा पडतो. समुद्र इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर दूर. माझ्या माहितीच्या म्हाताऱ्या माणसांतली निम्मी समुद्र न पाहताच गेली, आणि त्यावाचून त्यांचे काही अडल्याचे मला दिसले नाही.

अशा गावात आम्ही चाच्यांचा मूकपट दाखवला. माझे एक शिक्षक-मित्र तिथल्या शाळेत आहेत. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. एकदा दिवाळी आली की वर्गातली कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पटावरची नावे नुसती नावे उरतात. त्यापूर्वी मुलांना काहीतरी दाखवू, असे गुरुजींच्या मनात होते. मी म्हटले, माझ्याकडे एक जुना चित्रपट आहे, १९२६ सालचा, ‘द ब्लॅक पायरेट’ नावाचा. काळा चाचा म्हणा हवे तर. गुरुजी म्हणाले, “सर, इंग्रजी आहे, पोरांना काय कळणार?” मी म्हटले, “त्यात कोणी बोलतच नाही.”

पडद्यावर मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, त्या मी मराठीत मोठ्याने सांगायच्या असे ठरले. पहिल्या अर्ध्या तासात मी इमाने सांगितल्या. नंतर माझ्या लक्षात आले की पाटी येण्याआधीच मुले पुढचे सांगताहेत. “आता ह्यो त्याला मारतोय बघ.” “न्हाई, ह्यो नाटक करतोय.” मी गप्प बसलो. चित्रपटाचे संगीतही आम्ही बंद केले, कारण गावातला एक हलगीवाला पोरगा शेजारी बसला होता. जत्रेतल्या कुस्तीला जशी हलगी कडाडते तशी त्याने तलवारबाजीला वाजवली. विलायतेतला वाद्यवृंद इतका बरोबर वाजला असता, असे मला वाटत नाही.

आता गोष्ट ऐका. चाचे एक जहाज लुटतात, त्यावरच्या लोकांना बांधतात आणि जहाज दारूने उडवून देतात. दोघेच वाचतात, एक सरदार आणि त्याचा तरुण मुलगा. एका ओसाड बेटावर लाटांनी आणून टाकलेला बाप मुलाच्या मांडीवर प्राण सोडतो. मुलगा सूड घेण्याची शपथ घेतो. थोड्याच वेळात तेच चाचे लूट पुरायला त्याच बेटावर येतात. मुलगा त्यांच्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, मला तुमच्यात घ्या. लायकी दाखव म्हटल्यावर तो त्यांच्या नायकाला द्वंद्वात मारतो, आणि तेवढ्याने भागत नाही तेव्हा एक व्यापारी जहाज एकट्याने काबीज करून देतो. पुढे त्या जहाजावरची राजकन्या, तिला वाचवण्याची खटपट, भेद फुटणे, फळीवरून समुद्रात ढकलले जाणे, पोहत किनारा गाठणे आणि माणसे घेऊन परत येणे, असे सगळे यथासांग होते.

नायकाचे काम डग्लस फेअरबँक्स याने केले आहे. चित्रपट आला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचा. आणि मला घाट चढताना दोनदा थांबावे लागते. हा मनुष्य दोरावरून चढतो, कठड्यावरून उडी घेतो, हसतो आणि पुन्हा चढतो. आणि मग तो शिडाचा प्रसंग येतो. तो शिडाच्या टोकाशी पोचतो, सुरा कापडात खुपसतो, मूठ घट्ट धरतो आणि स्वतःला सोडून देतो. सुरा शीड फाडीत खाली येतो आणि त्याला लटकून हा वरून खालपर्यंत घसरत येतो. झाले. एवढाच प्रसंग. पण पालीच्या वर्गात त्या क्षणी हलगीसुद्धा थांबली होती.

त्या शांततेत एका मुलाने विचारले, “सर, शीड फाटलं न्हाई आन् सुराच मोडला तर?”

हा मुलगा सातवीतला. आईबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्यांच्याबरोबर तोही जातो. शाळा अर्धे वर्ष. वाचताना तो अडखळतो आणि अडखळतो म्हणून मोठ्याने वाचायला उभाच राहत नाही. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, काल काय पाहिले ते कोण सांगेल? तो उठला, आणि गोष्ट त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. कोणी कोणाला कुठे फसवले हेसुद्धा त्याने नीट सांगितले. गुरुजींनी संध्याकाळी मला फोन केला. म्हणाले, “दोन वर्षांत त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.”

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे की या जुन्या, मुक्या, दर्यावर्दी चित्रपटांत असे काय आहे?

पहिली गोष्ट उघड आहे. ते वाचता न येणाऱ्यांसाठी होते. मुद्दाम तसे कोणी ठरवले होते असे नाही, पण धंद्याला दुसरा इलाज नव्हता. १९३१ च्या खानेसुमारीत आपल्या देशात शंभरातल्या दहांनाही लिहितावाचता येत नव्हते. आपल्याकडच्या मूकपटांवर दोन-दोन, तीन-तीन भाषांतल्या पाट्या असत. थिएटरात किंवा तंबूत एखादा वाचता येणारा मनुष्य त्या मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पुढे पेटी-तबला असायचा. आमचे आजोबा तरुणपणी बाजाराला नगरला जात. तिथे त्यांनी तंबूत एक मारामारीचा सिनेमा पाहिला होता. त्याचे नाव त्यांना आठवत नव्हते, नट कोण तेही नाही. पण एक माणूस माडीवरून घोड्यावर उडी घेतो, ती उडी त्यांना ऐंशीव्या वर्षीही आठवत होती आणि ती ते खाटेवर बसल्याबसल्या हातांनी करून दाखवीत. पाटीवरची अक्षरे विसरली, उडी राहिली.

चित्रपट मुका असला की गोष्ट सांगण्याचे सगळे ओझे अंगावर पडते. राग, दगा, प्रेम, शपथ सारे हातापायांनी सांगायचे. मग अशी गोष्ट निवडावी लागते की जिच्यात हातापायांना काम आहे. घरात बसून बोलणाऱ्या माणसांची गोष्ट मूकपटात अवघड. दोर, डोलकाठी, तलवार आणि पाणी असलेली गोष्ट सोपी. जहाज म्हणजे तर तयार आखाडाच. चारी बाजूंनी पाणी असल्याने पळून जायला वाट नाही, चढायला दोर आहेत, लपायला तळघर आहे आणि पडायला समुद्र आहे. म्हणूनच अमेरिकेत त्या दोन-तीन वर्षांत ‘कॅप्टन ब्लड’, ‘द सी हॉक’ आणि हा ‘ब्लॅक पायरेट’ असे दर्यावर्दी चित्रपट एकापाठोपाठ निघाले. पहिले दोन १९२४ चे. आपल्याकडे फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ फारच गाजला. सरकारने १९२७ साली दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली होती. हिंदुस्थानात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून तिच्या अहवालात याच चित्रपटाचे नाव आहे.

इथे गुरुजनांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. मूकपटातली माणसे तुरुतुरु चालतात, म्हणून मुले हसतात आणि आपणही हसतो. तो त्या नटांचा दोष नाही. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ पुष्कळदा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे घेत. पुढे बोलपट आले तेव्हा आवाज नीट यावा म्हणून सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग ठरला. सोळांनी घेतलेली फीत चोवीसांनी चालवली की दीड मिनिटाचे काम एका मिनिटात होणार. मग राजासुद्धा माकडासारखा पळतो. चांगल्या प्रतीत हा वेग सुधारलेला असतो. दाखवण्यापूर्वी दोन मिनिटे चालवून पाहा. माणूस माणसासारखा चालत असेल तर प्रत चांगली.

शिडाच्या प्रसंगात हातचलाखी होती, हेही मुलांना सांगायला हरकत नाही. शीड व कॅमेरा दोन्ही तिरपे ठेवले होते, कापड आधीच फाडून हलके टाचले होते, आणि मागे दोर व वजनाची योजना होती, असे जाणकार सांगतात. मी हे पालीच्या मुलांना सांगितले. मला वाटले त्यांचा विरस होईल. झाले उलटेच. ती अर्धा तास फळ्यावर दोर आणि कप्पी काढून दाखवत होती. विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे त्याला कप्पी शिकवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या चित्रपटांतला चाचा हा मुळात चाचा नसतो. ‘कॅप्टन ब्लड’मधला नायक वैद्य आहे, त्याला अन्यायाने गुलाम म्हणून विकलेले आहे. ‘सी हॉक’मधल्याला घरच्याच माणसाच्या दग्याने वल्ही मारायला बसावे लागते. आपल्या काळ्या चाच्याचा बाप मारलेला आहे. म्हणजे आधी अन्याय, मग समुद्र, आणि मग तलवार. प्रेक्षकाचे मन कुणाकडे जाणार हे ठरलेलेच. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली तेव्हा सरकारदप्तरी ते दरोडेखोर होते. लोकांच्या पोवाड्यात ते कोण आहेत हे मी सांगायला नको.

आणि समुद्रावर तर आपला स्वतःचाच मुकदमा आहे. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हटले आहे. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. कोकणच्या किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचा परवाना घ्यावा, दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह. न घेणारे जहाज ते धरीत. इंग्रज आणि पोर्तुगीजही आपापल्या दस्तकांचा असाच आग्रह धरीत, तेव्हा त्याला कायदा म्हणत. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून गेले आणि हात हलवीत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर गेले, तेही फसले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, ते अजिंक्यच. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, आणि त्यात पेशव्यांनी इंग्रजांना साह्य केले होते, ही गोष्ट आपण वर्गात शिकवताना घाईने उरकतो. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला ‘आंग्रे’ हेच नाव आहे. चाचा कोण आणि सरखेल कोण, हे कागद कोणी लिहिला यावर ठरते. चित्रपट मुका असला की तो कागदच मध्ये येत नाही. कोणी कोणाला आधी मारले एवढे दिसते.

मग तुम्ही विचाराल की आपल्याकडे एवढे आरमार, एवढे आंग्रे, तर आपल्या मूकपटवाल्यांनी दर्याकडे पाठ का फिरवली? माझे उत्तर साधे आहे. समुद्र महाग पडतो. जहाज बांधावे लागते, ते पाण्यात उभे ठेवावे लागते. गड मात्र बांधून तयार होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’ केला, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून. अमेरिकेतला वीर डोलकाठीवर चढला, आपला कड्यावर चढला. दोर दोन्हीकडे होता. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच निघाली. तिने १९३० साली ‘खूनी खंजीर’ हा मारधाडीचा मूकपट केला, आणि त्याच वर्षी ‘उदयकाल’. त्यात शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले होते. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. सरकारी परीक्षकांनी ते बदलायला लावले. पाहा, चित्रपट मुका होता, तरी त्याच्या नावातला एक शब्द सरकारला मोठ्याने ऐकू गेला.

मुंबईत या साहसपटांचा राजा होता मास्टर विठ्ठल. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेला हा मराठी नट शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत गाजला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणू लागले. त्याचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. आर्देशीर इराणी यांनी पहिला बोलपट ‘आलम आरा’ काढायला घेतला आणि नायक म्हणून विठ्ठलला बोलावले. करार मोडला म्हणून शारदा कंपनीने दावा लावला. विठ्ठलच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि तो सुटला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पण बोलायची वेळ आल्यावर विठ्ठलची हिंदुस्थानी जीभ वळेना. तेव्हा त्याचे पात्र पुष्कळ वेळ गुंगीत पडलेले दाखवले! ज्याच्या उडीसाठी लोक रांगा लावीत त्याला पहिल्या बोलपटात निजवून ठेवावे लागले. आवाज आल्याने काय मिळाले हे आपण नेहमी सांगतो. काय गेले, त्याचा हा एक नमुना.

पुण्यातही अशी एक कंपनी होती, अग्रवाल फिल्म कंपनी. तिचा १९३१ चा ‘दिलेर जिगर’ नशिबाने आजही शिल्लक आहे. गादीचा खरा वारस लहानपणी पळवून नेऊन वाचवलेला, तो रस्त्यावर कसरती करून पोट भरत वाढलेला, आणि गादीवर जुलमी मनुष्य. तुम्ही डोंबाऱ्याचा खेळ पाहिला असेल. तसाच खेळ करणारा हा नायक आणि त्याच्या बरोबरीने खेळणारी सारंगा. सारंगेचे काम करणारी मुलगी येवल्याची, वय चौदा-पंधरा, नाव अंबू. तुम्ही सगळे तिला ओळखता. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले तेव्हा मंथरा झालेल्या ललिता पवार त्या ह्याच. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि मग त्या खाष्ट सासूच्या भूमिकांत गेल्या. आमच्या घरी मंथरेला शिव्या देणाऱ्या चुलत्यांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

समुद्रावरचा आपला खरा चित्रपट आला तो बोलपटाच्या काळात. प्रभातचा ‘अमर ज्योती’, १९३६, दिग्दर्शक शांताराम. प्रभात तोवर पुण्याला आली होती. तिचा स्टुडिओ जिथे होता तिथे आज चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था आहे. चित्रपट हिंदीत आहे, पण घडण सगळी त्या जुन्या मूकपटांची. फरक एकच, आणि तो मोठा. यातला चाचा बाई आहे. सौदामिनी, म्हणजे दुर्गाबाई खोटे. राज्यात न्याय मागायला गेलेल्या या आईला तिच्याच मुलाचा ताबा नाकारतात, म्हणून ती दर्यावर जाते आणि राज्याची जहाजे लुटते. काळ्या चाच्याला बाप गमावल्याचे दुःख होते. सौदामिनीला मूल गमावल्याचे. मला विचाराल तर हा चित्रपट त्या अमेरिकन चित्रपटापेक्षा एक पाऊल पुढे आहे, जरी त्यातली माणसे पुष्कळ बोलतात आणि काही ठिकाणी फारच बोलतात.

आता थोडे कडू. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. आज पूर्ण वा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास उरले आहेत. मास्टर विठ्ठलच्या ज्या उड्यांवर लोक शिट्ट्या वाजवीत होते त्या बहुतेक सर्व गेल्या. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. चटकन पेट घेत, आणि सांभाळल्या नाहीत तर चिकट होऊन सडत. बोलपट आल्यावर मुक्या फितींना कोणी विचारीना. कितीतरी फिती धुऊन त्यांतली चांदी काढून घेतली. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले, तोवर बराच उशीर झाला होता. तरी पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून, फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे जमवून, जे सापडले ते राखले. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच साठवणीच्या खोल्यांना आग लागली आणि त्यातही जुन्या फिती गेल्या. शाळेची जुनी कागदपत्रे ज्या खोलीत पाण्याने भिजतात, ती खोली प्रत्येक गुरुजींनी पाहिलेली असते. अधिक सांगत नाही.

गुरुजनहो, हे चित्रपट दाखवायचे मनात आले तर एक सोय आहे. आपल्या कायद्याने चित्रपट प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो, तेव्हा १९२६ चा चित्रपट वर्गात दाखवायला कोणाला विचारावे लागत नाही. पण आधी स्वतः पूर्ण पाहा. ‘ब्लॅक पायरेट’च्या सुरुवातीला एक कैदी अंगठी गिळतो आणि चाच्यांचा नायक ती पोट फाडून काढायला लावतो, प्रत्यक्ष दिसत नाही, पण समजते. तो भाग मी लहान मुलांना दाखवला नाही. पुढे राजकन्येवर चिठ्ठ्या टाकतात, जणू ती लुटीतली पेटी आहे. तो भाग मी दाखवला आणि तिथे थांबलो. मुलींना विचारले, हे बरोबर आहे का? मागच्या रांगेतली एक म्हणाली, “तिला इचारलंच न्हाई कुनी.” मुले हसायला लागली, ती हसली नाही. तास तिथेच संपला असता तरी चालले असते.

आणि शब्द. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, गुराब, गलबत, तांडेल, सरखेल. हे शब्द आमच्या मुलांना पुस्तकात भेटतात आणि पुस्तकातच राहतात. चित्र पाहिल्यानंतर ते त्यांच्या तोंडी बसले. दोन आठवडे वर्गाचा मॉनिटर सरखेल होता.

दिवाळीनंतर तो मुलगा ठरल्याप्रमाणे टोळीबरोबर गेला. पाडव्याच्या पुढेमागे टोळ्या परतल्या, तेव्हा मी मुद्दाम पालीला गेलो. धरणाच्या बाजूला तो शेळ्या घेऊन उभा होता. उंच झाला होता, हातावर पाचटाचे ओरखडे होते. मी विचारले, “काय रे, ती चाच्याची गोष्ट आठवते का?”

म्हणाला, “तिकडं कोपीवर रोज रात्री सांगत होतो ना सर. दुसऱ्या तालुक्यातली पोरं बी यायची.”

“आणि त्यांना जहाज कळलं?”

तो जरा लाजला. “जहाज न्हाई सांगितलं. उसानं भरलेला ट्रक सांगितला. वरून पासोडी फाडत खाली येतो म्हन्लं.”

मग थोडे थांबून त्याने मलाच विचारले, “सर, सुरा मोडला असता तर त्यो काय करनार व्हता, ते तुमी सांगितलंच न्हाई.”